खंडेनवमीच्या आधी: जुनी बोल्ट ॲक्शन रायफल, तिची निगा आणि तपासणी

देवळालीकर

नमस्कार मंडळी.

पाऊस उघडत आलाय, दसरा तोंडावर आहे. आपल्या जिल्ह्यात ज्यांच्या घरी परवान्याची रायफल आहे तिथे आता कपाटं उघडतील, खोळी निघतील आणि खंडेनवमीला रायफल पाटावर येईल. चार महिने ओल खाल्लेलं हत्यार पूजेआधी नीट बघितलं जावं, एवढ्यासाठी हा धागा काढतोय. माझी नोकरी शस्त्रागारात गेली. ३०३ (नळीचं माप ०.३०३ इंच) रायफली उघडणं, तपासणं, जोडणं हेच काम होतं. आता निवृत्त आहे, मुक्काम देवळाली कॅम्प.

बोलतोय ते ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलींच्या घराण्याबद्दल. १९०७ ची मार्क तीन, १९१६ मध्ये युद्धाच्या घाईत थोडी सोपी केलेली तिचीच तारांकित आवृत्ती, दुसऱ्या महायुद्धातली नंबर चार, आणि इशापूरला १९६५ पासून ७.६२ साठी बनलेली दोन-ए-एक. यातल्या ३०३ आणि ७.६२ या नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहेत, त्यांचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही. पण आपल्याकडच्या घराघरांत जी ३१५ दिसते, तिचा बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा पोलादी दांडा) आणि सांगाडा याच घराण्यातला आहे. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. रायफल चकाकते म्हणजे ती सुरक्षित आहे असं अजिबात नाही. काडतूस फुटतं तेव्हा सगळा जोर बोल्टवर येतो. तो बोल्ट त्याच रायफलचा आहे का, नीट बसतो का आणि पुढची नळी मोकळी, सरळ, शाबूत आहे का, यावर चालवणाऱ्याचे डोळे आणि बोटं अवलंबून असतात. हे तेलाच्या फडक्याने कळत नाही.

सुरुवात नेहमी रिकामं करण्यापासून. आधी मॅगझिन काढा. ते आत ठेवून बोल्ट मागेपुढे केला तर खालचं काडतूस स्वतःच्याच हाताने चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, ढकलाल. मॅगझिन बाजूला ठेवलं की बोल्ट उघडा, उजेडात चेंबर बघा आणि करंगळी आत घालून चाचपा. डोळा चुकतो, बोट चुकत नाही. काडतुसं त्या खोलीतच नकोत. हे सगळं होईपर्यंत नळीचं तोंड कुणाकडेही वळता कामा नये, आणि मग "रिकामी आहे" म्हटल्यावरही नको.

आता बोल्ट पूर्ण मागे घ्या, पुढचं बोल्टहेड वर उचका, तो बाहेर येईल. हँडलच्या मुळाशी नंबर कोरलेला असतो. तोच नंबर रायफलच्या सांगाड्यावर हवा. पन्नास रायफली एका वेळी उघडून साफ केल्या की बोल्ट एकमेकांत जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसरीचा बोल्ट बसतो, फिरतो, बंदही होतो, आणि इथेच माणूस फसतो. या बोल्टची पकड मागच्या बाजूला असते. तिथले दोन्ही टेकू, म्हणजे धक्का पेलणारे उंचवटे, आपापल्या खाचेत सारखे टेकावेत म्हणून कारखान्यात ते हाताने बसवलेले असतात. बोल्ट बदलला की ती जुळणी गेली. मग एकच टेकू सगळा भार घेतो आणि काडतुसाच्या बुडामागची फट किती राहिली ते कुणालाच माहीत नसतं. नंबर जुळत नसेल तर तिथेच थांबा, बाकीची तपासणी नंतर.

बोल्टहेड हाताने आवळून बघा. घट्ट झालं की त्याचा कान बोल्टच्या लांब पट्टीच्या रेषेत यायला हवा. त्या रेषेच्या पुढे ते साधारण २० अंशांहून जास्त फिरत असेल तर आटे झिजलेत, बोल्टहेड बाद.

नळी बघायची ती मागून, बोल्ट काढून, पुढे पांढरी भिंत किंवा कागद धरून. आतले चर सरळ चकाकत जायला हवेत. मध्येच काळसर वर्तुळ दिसलं, अंगठी अडकल्यासारखं, तर ती नळी कधीतरी फुगली आहे. आत काहीतरी अडकलेलं असताना बार टाकला की असं होतं. बाहेरून बोट फिरवलं तर कधी जाणवतं, कधी नाही. फुगलेल्या नळीला दुरुस्ती नाही. बारीक खड्डे आणि काळपटपणा हा वेगळा प्रकार. तो जुन्या काडतुसांचा प्रसाद आहे आणि त्याने नेम बिघडेल, पण तेवढ्यावरून रायफल लगेच बाद होत नाही.

चापाची परीक्षा: रायफल रिकामी, बोल्ट बंद, घोडा चढलेला. डाव्या बाजूची सेफ्टी मागे घ्या आणि चाप दाबा, काही होता कामा नये. चाप सोडून सेफ्टी पुढे करा. या क्षणी घोडा आपोआप पडला तर रायफल धोकादायक आहे. नंतर बोल्ट जरा जोरात बंद करून बघा, बट जाड रबरी पायपुसण्यावर वितीभर उंचीवरून आपटून बघा. घोडा पडायला नको. चाप दोन टप्प्यांचा असतो: पहिला हलका, मग अडल्यासारखं लागतं, मग दुसरा जड. दुसरा टप्पा जाणवतच नसेल तर कुणीतरी कानस मारली आहे, असं समजा.

एवढं मालकाने करावं. यापुढची मोजमापं, कानस, भाग बदलणं हे परवानाधारक गनस्मिथचं काम. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमात दुरुस्ती आणि चाचणी दोन्हीला परवाना लागतो, त्यामुळे इथे "घरच्या घरी दुरुस्ती" सांगणार नाही, कृपया विचारू नये.

स्वच्छतेबद्दल प्रतिसादांत सविस्तर लिहितो. विचारा.

---

निफाडचा बागाईतदार

काका, अगदी वेळेवर धागा काढलात. आमच्याकडे वडिलांची ३१५ आहे. उसात बिबट्या येतो म्हणून त्यांनी घेतली होती, चालवायची वेळ सहसा आलीच नाही. वडील मागच्या वर्षी गेले. रायफल तेव्हापासून चामड्याच्या खोळीत कपाटात आहे. काल काढली तर नळीवर तांबूस ठिपके आणि बोल्ट जड फिरतोय. वडील दर दिवाळीला खोबरेल तेल लावायचे. मी आधी काय करू? पॉलिश पेपर मारू का?

---

देवळालीकर

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

पॉलिश पेपर मारू नका. तेलाचंही नंतर बघू. आधी सांगा, परवाना कुणाच्या नावावर आहे? वडिलांच्याच असेल आणि तुमच्या नावावर झाला नसेल, तर रायफल तुमच्या घरात असणंच अडचणीचं आहे. खाली कुणी कायद्यातले असतील तर त्यांनी नेमकं सांगावं.

---

कोर्टाची पायरी

सांगते. परवानाधारक वारल्यावर वारसाला हत्यार "सांभाळून ठेवण्याचा" आपोआप हक्क मिळत नाही. कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज. निफाड ग्रामीणमध्ये येतं, म्हणजे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. नाशिक शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयात. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं ना-हरकत पत्र आणि जुना परवाना तयार ठेवा.

इतरांसाठीही एक माहिती. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे की परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, तर हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. घरात वडील, आजोबा असतील तर हे आत्ताच उरकून घ्या, मागे राहणाऱ्यांची धावपळ वाचते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारं आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे, हेही लक्षात असू द्या.

निफाडकर, उशीर झालाय म्हणून घाबरू नका. पण आणखी उशीर करू नका. आधी पोलीस ठाण्यात फोन करून सांगा, मग रायफल न्या. काडतुसं वेगळी आणि मोजून न्या, परवान्यावरच्या नोंदीशी जुळवून.

---

निफाडचा बागाईतदार

धन्यवाद ताई. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच फोन करतो. एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची म्हणतोय, त्यांच्याकडे गनस्मिथही आहे.

---

देवळालीकर

उत्तम. दोन्ही कामं एकाच ठिकाणी होतील. त्यांना सांगताना तीन गोष्टी नेमक्या सांगा: बोल्टचा नंबर सांगाड्याशी जुळतो का, हेडस्पेस (काडतुसाच्या बुडामागची फट) गेज लावून बघा, आणि नळी फुगलेली नाही ना. नुसतं "सर्व्हिसिंग करा" म्हटलं तर पुसून, तेल लावून परत देतील.

आता खोबरेलाबद्दल, कारण ते आपल्याकडे सगळीकडे लावतात. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं. निफाडची थंडी तुम्हाला मी सांगायला नको, द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते. त्या दिवसांत बोल्टच्या आत, स्प्रिंग आणि फायरिंग पिनभोवती गोठलेलं खोबरेल म्हणजे पिन हळू जाणार आणि काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीवर हलका ठोका बसणार. जुनं झालं की ते चिकटही होतं. तुमचा बोल्ट जड फिरतोय त्यामागे बहुधा हेच आहे. शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा बंदुकीचं तेल, तेही पुसट हाताने, एवढं पुरतं. बोल्टच्या आत तर जवळजवळ कोरडंच हवं.

चामड्याची खोळ फक्त ने-आण करायला. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली क्षारं पोलादाला लागतात. रायफल कायम खोळीत ठेवली की ठिपके यायचेच. फोमची पेटीही तशीच. लोखंडी कुलूपबंद कपाटात, उभी, सुती फडक्याच्या आधाराने ठेवा. शेजारी सिलिका जेलची पुडी. ती ओली झाली की तव्यावर मंद आचेवर कोरडी करून पुन्हा वापरता येते.

ठिपके वरवरचे असतील तर तेलात भिजवलेली सगळ्यात बारीक पोलादी लोकर हलक्या हाताने फिरवली की सुटतात, खालचा काळा मुलामा राहतो. हे सगळं परवाना तुमच्या नावावर झाल्यावर.

---

गोदाकाठ

पॉलिश पेपरबद्दल थोडं जास्त सांगाल का? आमच्या नात्यात एकांनी पूर्ण रायफल घासून निकेल करून घेतली आहे. दिसायला एकदम नवी.

---

देवळालीकर

मला असं बघवत नाही, खरंच सांगतो. त्या रायफलवर मुकुटाची किंवा अशोकस्तंभाची मुद्रा असते, कारखान्याचं नाव, साल, तपासनिसांचे बारीक शिक्के असतात. जाणत्याला त्यावरून तिचा सगळा प्रवास वाचता येतो. घासणारा पन्नास रुपयांच्या कागदाने ते पुसून टाकतो.

आणि प्रश्न फक्त हळहळण्याचा नाही. नंबर पुसट झाला तर कलम ८ आडवं येतं. हत्याराची ओळखखूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि खूण पुसलेलं हत्यार जवळ सापडलं तर ती तुम्हीच पुसली असं धरलं जातं. निकेलचा थर चढवताना आम्लात बुडवतात, ते बारीक खाचांत राहून आतून खातं. नातेवाईकांना सांगा, नंबर स्पष्ट वाचता येतो का ते बघा आणि गनस्मिथकडून नळी व बोल्ट तपासल्याशिवाय ती चालवू नका.

---

सातपूर टूलरूम

काका, मी सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. हेडस्पेसचं गणित समजावून सांगा ना. गेज म्हणजे आमचं रोजचं काम. एवढीशी चकती असेल तर टर्न करून, हार्ड करून, ग्राइंड करून देता येईल, मायक्रॉनमध्ये.

---

देवळालीकर

तुम्हाला लगेच कळेल. ३०३ चं काडतूस कडेवर बसतं. बुडाला जी रुंद कड असते, रिम म्हणतात ती, चेंबरच्या तोंडाशी टेकते. बोल्टचं तोंड आणि कड टेकते ती जागा यांच्यातलं अंतर म्हणजे हेडस्पेस. लष्करी हिशोबात कमीत कमी ०.०६४ इंच, म्हणजे १.६३ मिलिमीटर, आणि जास्तीत जास्त ०.०७४ इंच, म्हणजे १.८८. पहिल्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. सगळा खेळ पाव मिलिमीटरचा.

अंतर वाढलं की काय होतं? बार झाला की पितळी नळकांड्याचा पुढचा भाग दाबाने चेंबरच्या भिंतीला चिकटतो, आणि बूड मात्र मागे सरकायला जागा असते म्हणून सरकतं. मधलं पितळ ताणलं जातं, बुडाच्या जरा वर पातळ होतं. फारच ताणलं तर तिथून तुटतं आणि गरम वायू मागे येतो. चाललेल्या काडतुसावर बुडाच्या थोडं वर चकाकतं कडं दिसलं तर तो याचाच इशारा.

नंबर चारच्या रायफलीला यावर उपाय म्हणून बोल्टहेड चार मापांत येत, ० पासून ३ पर्यंत, आकडा वरच कोरलेला. झीज झाली की पुढचं माप बसवायचं. मार्क तीनला अशी आकडेवारी नाही, तिथे हातात येतील ती बोल्टहेड लावून मापाचं शोधावं लागतं.

तुमची चकती मापात शंभर टक्के येईल याची मला खात्री आहे. पण गेज लावताना पिन आणि काडतूस ओढणारा आकडा काढावा लागतो, बोल्ट फक्त बोटाच्या जोराने बंद करायचा असतो, आणि बोल्टच्या टेकूंचा टेक आधी बघायला हवा. तो एकाच बाजूला असेल तर गेज पास होऊनही उपयोग नाही. म्हणून हे गनस्मिथच्या टेबलावरच व्हावं. आणि ३१५ चं काडतूस वेगळं आहे, तिला तिचंच गेज. ३०३ चं चालत नाही.

---

सातपूर टूलरूम

कळलं. म्हणजे आम्ही डायला ब्ल्यू मारून कॉन्टॅक्ट बघतो तसंच टेकूंचं बघत असणार?

---

देवळालीकर

अगदी तसंच. टेकूंना निळं लावायचं, बोल्ट बंद करून उघडायचा, डाग दोन्हीकडे सारखा उठला पाहिजे. तुमच्यासारख्या माणसाने गनस्मिथकडे उभं राहून बघितलं तर दोघांनाही फायदा होईल.

---

अनघा_कॉलेजरोड

मी एनसीसीत होते, नंतर काही वर्षं पॉइंट टू टू नेमबाजी केली. काकांनी रिकामं करण्याचा क्रम पहिल्यांदा लिहिला हे फार बरं झालं. आमचे उस्ताद "खाली कर" झाल्यावरही प्रत्येक मुलीच्या चेंबरमध्ये स्वतः डोकावून बघायचे. शेजारणीने बघितलं, हे उत्तर चालायचं नाही.

पण मला पूजेबद्दल वेगळं म्हणायचंय. खंडेनवमीला घरात पाहुणे, लहान मुलं, गडबड. अशा वेळी रायफल पाटावर तासन् तास ठेवायचीच कशाला? शस्त्र म्हणून विळी, कोयता, पाना, लॅपटॉप काहीही पुजता येतं. रायफल कुलपातच राहू दे.

---

निफाडचा बागाईतदार

ताई, तुमचं पटतं, पण आमच्याकडे आजोबांपासून पूजा आहे. आई ऐकणार नाही. अर्थात यंदा रायफल घरी नसणारच.

---

देवळालीकर

अनघाताई, तुमचा मुद्दा खरा आहे. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी तुमचंच ऐकावं.

ज्यांना पूजा करायचीच आहे त्यांनी बोल्ट काढून वेगळा कुलपात ठेवावा. बोल्टशिवाय रायफल म्हणजे लोखंडी नळी आणि लाकूड. पूजा झाली की परवानाधारकाने स्वतः ती उचलून ठेवावी, दुसऱ्या दिवसापर्यंत पाटावर नको. हळद-कुंकू पाटाला लावा, फार तर दस्त्याच्या लाकडाला. पोलादावर नको, कारण कुंकू ओल धरतं आणि बोटभर डागाखाली दिवाळीपर्यंत गंज बसतो. झेंडूची माळही ओली नको. पाण्याचा शिंतोडा पडला असेल तर त्याच दिवशी पुसून तेलाचा हात फिरवा.

आणि पूजेनंतर हवेत बार काढायची हौस कुणी करू नये. २०१९ पासून आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येतेच.

---

मूळचा पंचवटीचा

नमस्कार. मी अमेरिकेत असतो, इथल्या कायद्याप्रमाणे लष्करी भंगारातून आलेली इशापूरची ३०३ घेतली आहे. दुकानात ती बघितल्यावर राहवलं नाही. आपल्याकडून इतक्या लांब आलेली. सगळी घट्ट तपकिरी ग्रीसमध्ये बुडालेली होती, ते काढतोय. दोन प्रश्न: पुढच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळून डाख दिलेला आहे, तो काढू का? आणि इथे मिळणारी जुनी काडतुसं चालतील का? बुडावर "के एफ" लिहिलंय.

---

देवळालीकर

तार अजिबात काढू नका. ती शोभेची नाही. पुढे कप बसवून ग्रेनेड फेकायला ज्या रायफली वेगळ्या काढत, त्यांचं लाकूड फुटून उडू नये म्हणून ती गुंडाळलेली. म्हणजे तुमची रायफल साध्या गोळीपेक्षा फार जास्त धक्के खाऊन आलेली असू शकते. टेकू, हेडस्पेस आणि नळी तिथल्या जाणकार गनस्मिथकडून बघून घेतल्याशिवाय बार टाकू नका. सांगाड्यावर किंवा लाकडावर "डी पी" असा शिक्का शोधा. तो कवायतीच्या रायफलीवर मारतात. तो दिसला तर ती रायफल कधीच चालवायची नाही, फक्त भिंतीवर. "ई वाय" दिसलं तर ती आणीबाणीपुरती ठेवलेली, तिलाही मी गोळीपासून लांबच ठेवीन.

"के एफ" म्हणजे आपली खडकी, पुण्याची. त्या जुन्या काडतुसांची टोपी क्षार सोडते. टोपीतलं क्लोरेट जळून जे उरतं ते मिठासारखंच असतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं ते नळीत हवेतली ओल ओढतं आणि एका रात्रीत गंज धरतो. तेल मीठ विरघळवत नाही, ते त्याच्यावर नुसतं पसरतं. मीठ जातं पाण्यानेच. म्हणून जुन्या पलटणीत चेंबरकडून नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. नळी तापते, पाणी उडून जातं, मग कोरड्या चिंध्या आणि शेवटी तेल. हे त्याच दिवशी करायचं, दुसऱ्या दिवशी नाही. काडतूस कोणतं ते माहीत नसेल तर क्षार सोडणारं आहे असंच धरून चला. पाणी लाकडात, बिछान्यात (लाकडातली सांगाडा बसायची जागा) उतरू देऊ नका.

पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची वजन लावलेली दोरी, वापरत असाल तर वजन चेंबरकडून टाका आणि दोरी सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढली तर नळीच्या तोंडाला एका बाजूने घासते आणि वर्षानुवर्षांनी तिथे खोबण पडते. मग नेम गेला. सफाईची चिंधी चार बाय दोन इंच, तेलाची जरा अरुंद, चार बाय दीड. जाड घेतली तर मध्येच अडकेल.

---

मूळचा पंचवटीचा

तार तशीच ठेवतो. ग्रीस काढायला केरोसीन वापरतोय, लाकडाला वाफ देऊन. दस्ता काढून साफ करावा म्हणतो, मागच्या झाकणातून लांब स्क्रू दिसतोय.

---

देवळालीकर

थांबा! तो स्क्रू फिरवू नका. हीच मार्क तीनची सगळ्यात महागात पडणारी जागा. दस्त्याच्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता मागचा बोल्ट फिरवला की चौकोनी टोक ते लाकूड आतून चिरतं. बाहेरून काही दिसत नाही. मग पुढचं लाकूड सांगाड्याला नीट टेकत नाही आणि प्रत्येक धक्क्याला चीर वाढते. चिरलेली लाकडं हातात घेऊन उभी असलेली पोरं मी पुष्कळ बघितली आहेत. आधी पुढचं लाकूड, मग दस्ता, आणि तेही खरंच गरज असेल तरच.

तसंच पुढचं लाकूड काढाल तेव्हा मागच्या टोकाला, चापाच्या वरच्या दोन टेकायच्या जागा बघा. धक्का तिथे बसतो. तिथलं लाकूड काळं, तेल पिऊन मऊ झालं असेल तर अंगठ्याच्या नखाने दाबून कळतं. मऊ लाकडात बिछाना राहत नाही.

लाकडाला जवसाचं तेल, घाण्याचं मिळालं तर उत्तम. थेंबभर तळहातावर घेऊन ऊब येईपर्यंत चोळायचं, जादा पुसायचं, दिवसभर सुकू द्यायचं. व्हार्निश नको.

---

सातपूर टूलरूम

जवसाच्या तेलावरून आठवलं, सुरक्षेचा मुद्दा आहे. त्या तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नका. सुकताना तेल तापतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेटू शकतो. आमच्याकडे शॉपफ्लोअरवर यासाठी वेगळा नियम आहे. फडकं एकेरी उघडं वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.

---

देवळालीकर

फार महत्त्वाचं लिहिलंत. शस्त्रागाराला फडक्यांनी आग लागणं कुणालाच परवडणार नाही.

---

गोदाकाठ

एक शंका. गनस्मिथ लांब पडतो, तर रायफल टायरला बांधून, लांब दोरीने चाप ओढून एक बार काढून बघितला तर? शेतात कुणी नसताना. लोक करतात असं.

---

देवळालीकर

करतात, आणि ते चूक आहे. शेतात चाचणीचा बार काढायची परवान्यात मुभा नसते, ते पाचव्या कलमात येतं. दुसरं, एक बार नीट गेला याने काहीच सिद्ध होत नाही. पितळ पहिल्या वेळी ताणलं जाऊन टिकतं, चीर पडलेला टेकू दहाव्या वेळी तुटतो. कारखान्यात मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस टाकून, नंतर पुन्हा मोजमाप करून मग शिक्का मारतात. ते मोजमाप तुमच्याकडे नाही. नाशिकहून गनस्मिथकडे जायला एक दिवस लागतो, तेवढा द्या.

रेंजवर चालवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ठोका पडला आणि बार झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. जुन्या काडतुसात बार उशिरा होऊ शकतो. आणि बार झाला पण आवाज फुसका आला, धक्का कमी लागला, तर पुढचं काडतूस घालूच नका. गोळी नळीत अडकली असेल. रिकामं करा, बोल्ट काढा, उजेड आरपार दिसतो का बघा. फुगलेल्या नळ्या अशाच तयार होतात.

---

अनघा_कॉलेजरोड

याला जोडून: कानाला आणि डोळ्याला संरक्षण. मागून वायू आला तर चष्म्याची काच एवढंच मध्ये असतं. आणि बाजूला उभा राहणाराही चष्मा घालूनच हवा.

---

निफाडचा बागाईतदार

मंडळी, कळवतो. पोलीस ठाण्यात आधी बोललो, त्यांनी नीट सांगितलं, मग विक्रेत्याकडे जमा केली, पावती मिळाली. अर्जाची तयारी सुरू आहे, भावाची आणि आईची ना-हरकत झाली.

गनस्मिथने माझ्यासमोर उघडली. बोल्टच्या आतून पिवळट चिकट थर निघाला, खोबरेलच. नंबर सांगाड्याशी जुळतो. नळी चांगली आहे, फुगवटा नाही, तोंडाशी थोडे खड्डे आहेत. पण सेफ्टीच्या चाचणीत, सेफ्टी मागे घेऊन चाप दाबला आणि मग पुढे केली तर घोडा पडला. तिसऱ्यांदा केल्यावर पडला, पहिल्या दोनदा नाही.

वडील ही रायफल भरून, सेफ्टी लावून, उसाच्या कडेने रात्री चालायचे.

---

देवळालीकर

बरं झालं तिसऱ्यांदा करून बघितलं. चांगला माणूस आहे तुमचा गनस्मिथ.

यात बहुधा सेफ्टीचा दांडा किंवा घोड्याची खाच झिजलेली असते. घासून "जमवून" देतो म्हणाला तर नको म्हणा, भाग बदलूनच घ्या. बदलल्यावर ही चाचणी पुन्हा पाच-सात वेळा तुमच्यासमोर करायला लावा, बोल्ट जोरात बंद करून आणि बट आपटूनही. हेडस्पेसचा निकाल तुम्ही लिहिला नाहीत. गेज लावलं होतं का?

---

निफाडचा बागाईतदार

३१५ चं गेज त्यांच्याकडे नव्हतं, मागवतो म्हणाले. तोपर्यंत रायफल त्यांच्याकडेच आहे.

---

देवळालीकर

मग ती तिथेच राहू द्या. गेज येईल तेव्हा जाताना परवान्याच्या अर्जाची पोचही बरोबर ठेवा, आणि निकाल इथे लिहा. आईंना सांगा, यंदा पाटावर वडिलांचा कोयता ठेवा.